नवी सोसायटी जुन्या वस्तीत मिसळून जावी म्हणून नेमकं काय करायचं?

सावलीरेषा: आमच्या ऑफिसकडे चारेक एकराच्या प्लॉटचं काम आलंय, दीडशे घरं बसवायचीत. तिन्ही बाजूंना जुनी वस्ती, एकमजली-दुमजली घरं, अरुंद गल्ल्या, दारं थेट रस्त्यावर उघडणारी. दर मीटिंगमध्ये एकच ऐकते, उतरती छपरं द्या, तोच रंग मारा, मॅच होईल. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय मागायचं ते नीट मांडताही येत नाहीये. कोणी केलंय का असं काम?

विटकरी: केलंय आणि चुकलंयही, म्हणून सांगतो. आम्ही एलिव्हेशनवर, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूवर, महिनोन्‌महिने घालवले, कौलं तशीच, खिडक्यांची मापंसुद्धा शेजारच्या घरांवरून घेतली, आणि भोवती आठ फुटी कंपाउंड वॉल बांधून मोकळे झालो. शेजारची गल्ली त्या जागेतून पलीकडच्या बसस्टॉपला जायची, वर्षानुवर्षांची पायवाट होती ती, सर्व्हे शीटवर तुटक रेघसुद्धा नव्हती. दोन महिन्यांत भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं. बुजवलं, परत पडलं. शेवटी तिथे गेट केलं, तेही भांडून. तर आधी सगळ्या गल्ल्या पायी फिरा, कुठली गल्ली तुमच्या प्लॉटला येऊन अडते ते बघा आणि तिथून रस्ता किंवा निदान पायवाट आत घ्या. आणि कडेची घरं वस्तीकडे तोंड करून ठेवा हो, पाठ करून नको. तळमजल्याच्या प्रत्येक घराचं दार रस्त्यावर उघडू दे. समोर नुसतं स्टिल्ट पार्किंग (खांबांवर उभ्या इमारतीखालचं मोकळं पार्किंग) आलं की ती बाजू मेलीच समजा.

चौथा मजला: विटकरींशी सहमत. उंचीचंही बघा. दीडशे घरं म्हणजे मजले चढवावे लागणारच, पण उंच भाग प्लॉटच्या मध्यात घ्या आणि कडेला दोन-तीन मजल्यांवर उतरा. तुमचा प्लॉट वस्तीच्या दक्षिणेला असेल तर हिवाळ्यातली सावली आत्ताच काढून बघा, सोपं आहे, ९० मधून अक्षांश आणि २३.५ वजा केले की २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य किती अंशांवर असेल ते कळतं (उत्तर गोलार्धात). ४० अंश अक्षांशावर तो साडेसव्वीस अंशांवरच असतो, म्हणजे १२ मीटरच्या इमारतीची सावली जवळपास २४ मीटर लांब पडते, कुणाचं तरी अख्खं अंगण गेलं. इंग्लंडमध्ये नॉर्विचला गोल्डस्मिथ स्ट्रीट म्हणून शंभरेक घरांची वसाहत आहे, २०१९ चं स्टर्लिंग प्राइझ (ब्रिटनमधलं वास्तुकलेचं मोठं पारितोषिक) मिळालंय, तिचे प्लॅन नक्की बघा. समोरासमोरच्या रांगांमध्ये १४ मीटर अंतर ठेवलंय, शहरातल्या जुन्या गल्ल्यांसारखंच, आणि मागच्या रांगेचं ऊन अडू नये म्हणून छपरांचा उतार १५ अंशच ठेवलाय. तिथे छपराला उतार दिलाय तो उन्हाचा हिशोब करून, हे तुमच्या मीटिंगमध्ये जरूर दाखवा.

उतार: पाण्याचं कोणी बोललंच नाही. नवीन प्लॉट भराव टाकून दोन फूट वर उचलतात आणि पहिल्याच पावसात शेजारच्यांच्या घरात पाणी. १००० चौरस मीटर काँक्रीटवर ५० मिमी पाऊस पडला की ५०,००० लिटर होतात, जे आधी मातीत मुरायचे. प्लिंथ, म्हणजे जोत्याची उंची, ठरवायच्या आधी शेजारच्या उंबरठ्यांच्या लेव्हल घ्या, नुसती रस्त्याची घेऊन चालत नाही. मोठी झाडं असतील तर तीही प्लॅनवर आधी मांडा, इमारती नंतर.

सावलीरेषा: तिघांचेही मनापासून आभार. वस्ती प्लॉटच्या उत्तरेलाही आहे आणि आमचा सर्वांत उंच टॉवर नेमका त्याच कडेला काढलाय, हे आत्ता ड्रॉइंग उघडल्यावर लक्षात आलं. विटकरी, गल्ल्या मोजल्या, तीन येऊन अडतात आणि आम्ही गेट दिलंय एकच, तेही हमरस्त्यावर. शनिवारी ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र) घेऊन उंबरठे मोजायला जातेय, सरांनाही सोबत चला म्हणून सांगितलंय.