मदत हवी आहे: लेफ्ट जॉइन लावूनही थकबाकीदार दिसत नाहीत, वर एचवाय०९३ एरर

मंडळी, मी प्रोग्रॅमर वगैरे नाही, सोसायटीचा खजिनदार आहे, एक्सेलला कंटाळून मेंटेनन्सचा हिशेब पीएचपी-मायएसक्यूएलवर चढवलाय. फ्लॅट ४८. रविवारी मीटिंग आहे आणि या महिन्यात कोणी भरले नाहीत ती यादी हवीय. क्वेरी अशी (वाचायला सोपी जावी म्हणून देवनागरीत):

सिलेक्ट फ.नंबर, प.रक्कम, द.रक्कम
फ्रॉम फ्लॅट फ
लेफ्ट जॉइन पावत्या प ऑन प.फ्लॅट_आयडी = फ.आयडी
लेफ्ट जॉइन दंड द ऑन द.फ्लॅट_आयडी = फ.आयडी
व्हेअर प.महिना = :महिना अँड द.महिना = :महिना

दंडाचं टेबल नव्हतं तेव्हा ३१ ओळी यायच्या, सगळे भरलेलेच, म्हणजे न भरलेले १७ गेले कुठे? आता तर सर्व्हरवर एचवाय०९३, म्हणजे इनव्हॅलिड पॅरामीटर नंबर म्हणतंय, घरच्या लॅपटॉपवर मात्र एरर नाही. डोकं फिरलंय.

उत्तर:
सर्व्हरच्या कनेक्शनमध्ये एम्युलेट प्रिपेअर्स (:महिनाच्या जागी किंमत मायएसक्यूएलऐवजी पीएचपीनेच भरायची सेटिंग) फॉल्स, म्हणजे बंद, केलंय का बघा. मायएसक्यूएलला नावं कळत नाहीत, फक्त प्रश्नचिन्हं कळतात, त्यामुळे एम्युलेशन बंद असलं की पीडीओमध्ये (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) एकच नाव दोनदा चालत नाही. :महिना१ आणि :महिना२ करा आणि एक्झिक्यूटच्या अ‍ॅरेत दोन्ही द्या. कोणी सांगेल एम्युलेशन चालू करून टाका, पण मी म्हणेन राहू दे तसंच.

उत्तर:
वरचं बरोबर, पण खरी गोची व्हेअरमध्ये आहे. ज्याची एकही पावती नाही त्याच्या ओळीत प.महिना नल (रिकामा) असतो, नलची = ने तुलना कशाशीही केली तरी ट्रू येत नाही, आणि ज्याने फक्त आधीचे महिने भरलेत त्याच्या ओळीत जुना महिना असतो, तोही जुळत नाही, मग व्हेअर अशा ओळी फेकून देतो आणि तुमचा लेफ्ट जॉइन (न जुळलेले फ्लॅटही ठेवणारा) गुपचूप इनर (फक्त जुळलेलेच ठेवणारा) होऊन बसतो. महिन्याच्या दोन्ही अटी आपापल्या ऑनमध्ये न्या, व्हेअरमध्ये फक्त प.आयडी इज नल ठेवा.

धागाकर्ता:
आली यादी!! पण १८ आले की हो, ४८ वजा ३१ तर १७ होतात ना?

उत्तर:
३१ ओळी म्हणजे ३१ फ्लॅट नव्हेत. कोणाच्या दोन पावत्या आहेत का?

धागाकर्ता:
अरे हो, ३०४ वाल्यांनी दोन हप्त्यांत भरलेत.

उत्तर:
मग वसुलीची बेरीज याच जॉइनवर करू नका, त्यांना दंड असेल तर तो दोनदा धरला जाईल. आधी पावत्यांची फ्लॅटनुसार ग्रुप बाय करून बेरीज घ्या, ती सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) म्हणून जोडा. दंडाचंही तसंच.