लॅग आला की पहिली शिवी सर्व्हरलाच का?

पिंगळा
गेम अडकला की चॅटमध्ये वाक्य ठरलेलं: "सर्व्हर भिकार आहे." मीही दोन महिने तेच लिहीत होतो. रात्री साडेदहा वाजले की माझा गडी दारातून बाहेर पडायचा आणि क्षणात खेचल्यासारखा परत दाराच्या आत. वेळ रोजची तीच, म्हणून मी धरून चाललो होतो की गर्दी वाढते आणि सर्व्हर दमतो.

मग एका रात्री संगणकावर दोन काळ्या खिडक्या (कमांड प्रॉम्प्ट) उघडून ठेवल्या. एकीत घरच्या राउटरला सतत पिंग (छोटा निरोप धाडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं), दुसरीत बाहेरच्या एका पत्त्याला. पहिलीत १-२ मिलिसेकंद, दुसरीत ३८-४०. साडेदहाला बहिणीने फोन चार्जिंगला लावला. अर्ध्या मिनिटात दुसरी खिडकी ३१०, ४२०, ३९०. पहिली ढिम्म, २ वरच. फोन चार्जरला लागला की दिवसभराचे व्हिडिओ बॅकअपला चढायला लागत. अपलोडची वाट अरुंद, राउटर सगळी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) रांगेत उभी करतो, आणि माझी चिमुकली पॅकेट त्या व्हिडिओंच्या शेपटाला. याला बफरब्लोट म्हणतात.

इलाज फुकट होता. राउटरमध्ये एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) चालू केलं आणि अपलोडची मर्यादा मोजलेल्या २० एमबीपीएसऐवजी १८ वर बांधली. आता बॅकअप चालू असताना पिंग पन्नाशी गाठत नाही. म्हणून माझं मत: आधी घरातली रांग बघा, मग सर्व्हरच्या नावाने बोटं मोडा. आणि लॅगवर उपाय म्हणून मोठा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. बहुतेक शूटर गेमना एक एमबीपीएससुद्धा पुरून उरतो.

तारेवरची_कसरत
तुमचा फोन सापडला, आनंद आहे. पण त्यावरून सगळ्यांच्या घरात चोर आहे म्हणणं पटत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद नुसत्या अंतराचे झाले, आणि केबल काही पट्टीने आखल्यासारखी सरळ टाकलेली नसते. जवळ सर्व्हर ठेवायचा की नाही हे कंपनी ठरवते. तिथे माझा राउटर काय करणार?

शिवाय टिकरेट, म्हणजे सर्व्हर सेकंदाला किती वेळा खेळाचा हिशेब करतो तो आकडा. ६४ टिकचा सर्व्हर खेळाचा हिशेब दर १५.६ मिलिसेकंदांनी करतो, १२८ टिकचा ७.८ ने. व्हॅलोरंट या शूटर गेमने १२८ दिले, म्हणजे करता येतं. खेळाडूने नेटवर्क इंजिनिअर व्हावं आणि कंपनीने हात झटकावेत, हा कुठला न्याय?

नवशिकी
मला एकाने डीएनएस बदलायला सांगितलं, बदलला. काहीच फरक नाही. स्पीड टेस्टमध्ये २०० एमबीपीएस आणि पिंग १२ येतो, तरी गेममध्ये माणसं उड्या मारत चालतात. माझं काय चुकतंय?

पिंगळा
@नवशिकी, डीएनएसचं काम नावावरून पत्ता शोधून देण्यापुरतं. गेम एकदा सर्व्हरला जोडला गेला की त्याची भूमिका संपली. हा सल्ला लोक का देतात, देव जाणे. आणि स्पीड टेस्ट मुद्दाम जवळचा सर्व्हर निवडते, त्यामुळे तो १२ हा तुमच्या गेमचा पिंग नव्हेच. डाउनलोड-अपलोड जोरात चालू असतानाचा पिंग बघा, काही टेस्ट तो वेगळा दाखवतात. पॅकेट लॉसही बघा. आकडा सरासरीला छान आणि मधूनच पॅकेट गहाळ, हे सगळ्यात वाईट.

@तारेवरची_कसरत, अंतर मान्य. पण अंतराचा लॅग एकसारखा असतो. सतत ९० असला तरी हात त्याला सरावतो. ४० वरून ४०० वर उडी घेणारा लॅग बहुतेक वेळा कुठल्या तरी रांगेचा किंवा वायफायचा.

कोपऱ्यातला
आलं वायफायवर! केबलवाल्यांना दुसरा विषय नाही. मी ५ गिगाहर्ट्झवर खेळतो, राउटर शेजारच्या खोलीत, कधी त्रास नाही. २.४ वर खेळणाऱ्यांचे हाल समजू शकतो. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात घुमतो.

उशिराची_गाडी
मी मधला. "मी भिंतीआड गेलो होतो तरी मेलो" ही तक्रार दोन्ही पक्ष चुकीच्या खात्यात टाकतात. समोरच्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या पडद्यावर तुम्ही अजून उघड्यावर होतात. सर्व्हर घड्याळ तेवढं मागे नेऊन बघतो आणि गोळी लागली असं ठरवतो. हे मुद्दाम तसंच बनवलेलं आहे. नाहीतर प्रत्येकाला पिंगचा हिशेब करून हवेत नेम धरावा लागला असता.

आणखी एक. ट्रेसरूटमध्ये (सर्व्हरपर्यंतच्या वाटेवरचे राउटर एकेक करून दाखवणारी चाचणी) मधल्या एखाद्या हॉपवर, म्हणजे टप्प्यावर, ६० टक्के लॉस दिसला की लोक त्याचा स्क्रीनशॉट घेऊन भांडायला जातात. पुढच्या हॉपना लॉस शून्य असेल तर तो मधला राउटर फक्त पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतोय, तुमची पॅकेट पुढे नीट जातायत. लॉस तिथून शेवटपर्यंत टिकला तरच खरा.

तारेवरची_कसरत
घ्या, तुमची परीक्षा दिली. घर रिकामं, केबल लावलेली. राउटर १. बाहेरचा पत्ता ४१. गेमचा सर्व्हर १८७, सकाळीही आणि रात्रीही. ट्रेसमध्ये सहाव्या हॉपला २२ वरून एकदम १६० आणि तिथून खाली येतच नाही. म्हणजे घर स्वच्छ, वाट वाकडी. आता काय बांधू, कशाला मर्यादा घालू?

पिंगळा
इथे मी गप्प. हा आकडा आणि ट्रेस दोन्ही वेळांचे सेवा पुरवणाऱ्याला पाठवा. वाट बदलणं त्यांच्या हातात, तुमच्या नाही. गेममध्ये दुसरा रीजन (दुसऱ्या भागातला सर्व्हर) निवडता येत असेल तर तोवर तोही करून बघा. पण दोन खिडक्या उघडल्या म्हणून कळलं ना? नाहीतर तुम्ही अजून टिकरेटवर भांडत असतात.

तारेवरची_कसरत
टिकरेटवर अजूनही भांडणार आहे.

कोपऱ्यातला
गंमत म्हणून मीही राउटरला पिंग लावून बसलो. १, २, १, १, १४३, १, २... थोड्या-थोड्या वेळाने तेच, १३० च्या वर एक उडी. घरात दुसरं काहीही चालू नाही.

उशिराची_गाडी
ठरावीक अंतराने येतंय म्हणजे तुमचं वायफाय कार्ड आजूबाजूची नेटवर्क हुंगायला जात असणार. तेवढ्या क्षणापुरतं ते आपलं चॅनल सोडतं. काही ड्रायव्हरमध्ये हे बंद करता येतं.

कोपऱ्यातला
माझ्यात तो पर्याय नाही. पंधरा मीटरची केबल दाराच्या फटीतून जाते का, कुणी करून पाहिलंय?