शांघायच्या कामाच्या दौऱ्यात स्थलदर्शन बसवावे का?

प्रश्न

नमस्कार मंडळी. पितळी झडपा आणि ओतीव सुटे भाग यांच्या खरेदीसाठी मला सूचौ, हांगचौ आणि निंगबो या भागांतील कारखाने पाहायचे आहेत. उतरणे आणि परतणे शांघायहूनच आहे. अशा दौऱ्यात दिवसभर कारखाने आणि रात्री कोटेशनची आकडेमोड चालते, त्यामुळे शेवटी शेवटी सगळे कारखाने डोळ्यांना एकसारखेच दिसू लागतात. इतक्या दूर जाऊन सूचौच्या बागा आणि हांगचौचा पश्चिम सरोवराचा परिसर न पाहता परतणेही जिवावर येते. भेटींच्या मधल्या फटींत फिरणे घातले तर थकवा उतरतो की वाढतो? पुरवठादार स्वतःहून फिरवायला नेतो म्हणाला, तर काय करावे?

पहिला प्रतिसाद

माझ्या मते भेटींच्या मधल्या फटी फिरण्यासाठी वापरूच नयेत. नकाशावर अंतरे फसवी वाटतात: शांघायहून सूचौ वेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर आणि हांगचौ तासाभरावर आहे, परंतु कारखाने शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतींत असल्याने स्थानकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत जायलाच पुष्कळदा त्याहून अधिक वेळ लागतो. मग दोन भेटींच्या मधले म्हणून धरलेले तीन तास प्रत्यक्षात तासावर येतात आणि सरोवर पाहण्याऐवजी आपण घड्याळच पाहत बसतो.

फिरण्यासाठी दोन जागा राखाव्यात. एक म्हणजे पोहोचल्याचा दिवस. पूर्वेकडे प्रवास केल्यावर शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच पुढे सरकते, त्यामुळे रात्री झोप येत नाही आणि सकाळी डोळे उघडत नाहीत. त्या दिवशी खोलीचे पडदे ओढून झोपण्यापेक्षा दिवसाउजेडी मोकळ्या हवेत पायी फिरणे बरे. फार झाले तर अर्ध्या तासाची डुलकी घ्यावी. दुसरी जागा म्हणजे परतीच्या आधीचा एक कोरा दिवस. त्या दिवसावर पहिला हक्क कामाचा ठेवा. एखाद्या कारखान्यात शंका राहिली असेल, सुधारलेले सॅम्पल पाहायचे असेल, तर परत जाता येते. काही उरले नसेल तर तो दिवस सरोवराचा. अर्थात, त्यासाठी सर्वांत महत्त्वाची भेट दौऱ्याच्या मध्यावर हवी. ती पहिल्या सकाळी ठेवली तर शरीर साथ देत नाही आणि शेवटी ठेवली तर दुरुस्तीला वाव राहत नाही.

थकव्याची खरी किंमत कारखान्याच्या फेरीत मोजावी लागते. ताजेतवाने असताना आपण मोजमापाचे गेज उचलून त्यावरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासल्याच्या) चिठ्ठीवरील तारीख वाचतो, नाकारलेला माल कुठे आणि कसा वेगळा ठेवला आहे ते विचारतो, ओतकाम तिथेच होते की भट्टी थंडगार पडून माल दुसरीकडून येतो हे पाहतो. थकलेला माणूस बैठकीच्या खोलीत चहा घेऊन गुळगुळीत सादरीकरण पाहतो आणि उठतो. म्हणून दिवसाला दोनच कारखाने घ्यावेत आणि टिपणे त्याच संध्याकाळी पूर्ण करावीत.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणी पटते. मात्र पोहोचल्याच्या दिवशी फार लांब जाऊ नये, मुक्कामाच्या आसपासच फिरावे.

पुरवठादाराच्या आग्रहाबद्दल सांगायचे, तर प्रश्न केव्हा जावे याचा आहे. कारखान्याची फेरी आणि दराची बोलणी होण्याआधी सहल स्वीकारू नका. सकाळी बाग, मग लांबलेले जेवण, आणि कारखान्यात पाऊल ठेवेपर्यंत पाळी सुटण्याची वेळ, असे घडले की यंत्रे चालू अवस्थेत पाहायचीच राहून जातात. पाहुणचारात प्रत्येक वेळी डाव असतोच असे नाही, बहुतेकदा तो मनापासूनच असतो. परंतु त्यानंतर रिजेक्ट मालाबद्दल खोदून विचारायला जीभ अडखळते, हेही तितकेच खरे. काम संपल्यावर आनंदाने जावे. स्थानिक माणसासोबत तास-दोन तासांत जे कळते, ते एकट्याने दिवसभर फिरून कळत नाही.

आणखी एक व्यावहारिक बाब अशी की खासगी दिवसाचा खर्च पहिल्यापासून वेगळा लिहावा आणि प्रवासविमा त्या तारखेलाही लागू आहे का, ते आधीच पाहावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आता सूचौ आधी, मग हांगचौ आणि शेवटी निंगबो असा क्रम लावतो आहे. कोरा दिवस निंगबोच्या बाजूला ठेवावा की शांघायला परतून घ्यावा? तसेच सूचौला संध्याकाळ मोकळी मिळालीच, तर काय पाहता येईल?

पहिला प्रतिसाद देणारे

कोरा दिवस निंगबोलाच ठेवा, कारण शंका निघाली तर हांगचौच्या कारखान्यातही तिथून रेल्वेने परत जाता येते. काम उरले नाही, तर 1561 साली बांधायला घेतलेले तियान्यी ग्रंथालय आणि त्याचा बगिचा अर्ध्या दिवसात निवांत पाहून होतो. पश्चिम सरोवरच हवे असेल, तर सकाळच्या गाडीने हांगचौ गाठून तिथूनच शांघायला जाता येईल. परतताना रस्त्याने गेलात, तर 2008 मध्ये खुला झालेला हांगचौ उपसागरावरील 36 किलोमीटरचा पूल ओलांडता येतो.

सूचौच्या मोठ्या बागा आणि संग्रहालय संध्याकाळी बंद होतात, त्यामुळे कारखान्यातून सुटून तिथे धावू नका. जुन्या शहरातील कालव्यांच्या काठाने फिरणे त्या वेळी जमते. संग्रहालय सोमवारी बंद असते आणि आगाऊ नोंदणी लागते. रेल्वेचे तिकीटही पासपोर्टवरच निघते, म्हणून तो हॉटेलच्या तिजोरीत न ठेवता जवळ बाळगा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आणि वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) सुट्टीत मात्र दौराच ठेवू नका, कारण तेव्हा कारखाने बंद असतात आणि बागांमध्ये पाय ठेवायला जागा नसते.