मदत हवी आहे: ऑटोफॅजी चेतापेशी वाचवते की मारते?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत एमएस्सी करतेय. सेमिनारचा विषय: जन्मताना ऑक्सिजन कमी पडल्याने बाळाच्या मेंदूला होणारी इजा. पेशी स्वतःचेच खराब भाग मोडून पुन्हा वापरते ती ऑटोफॅजी, इथवर ठीक. पुढे घोडं अडलंय.

चेतापेशींतून एटीजी ७ (ऑटोफॅजीसाठी लागणारं) जनुक काढलेल्या उंदराच्या पिल्लांत अशा इजेनंतरही हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाच्या) पेशी वाचल्या, म्हणजे ऑटोफॅजीच मारक. पण रॅटच्या पिल्लांना आधी रॅपामायसिन हे औषध देऊन ऑटोफॅजी वाढवली, तर इजा कमी! (रॅपामायसिन ऑटोफॅजी दाबून ठेवणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला रोखतं, त्याचे इतर परिणामही असतातच, मग श्रेय एकट्या ऑटोफॅजीला कसं?)

फरक वेळेचा, की लायसोसोमचं (पेशीतला कचरा मोडणाऱ्या पिशवीचं) काम अर्धवट राहण्याचा? अशा बाळांवर उपचार म्हणून करतात त्या ७२ तासांच्या कूलिंगचा (शरीर थंड ठेवण्याचा) ऑटोफॅजीवर काय परिणाम होतो? कुणी न्यूरोसायन्सवाले असाल तर लिहूनच सांगा, पावसात इथे व्हिडिओ चालत नाहीत.