मदत हवी आहे: आखाजीच्या बीजीएमआय टुर्नामेंटमधे मॅच चालू असताना वायफाय गेलं तर मॅच धरायची (निकाल मोजायचा) का परत घ्यायची?

राम राम मंडळी, मी अमळनेरचा, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुण्या-सुरतेकडची पोरं गावी येतात म्हणून मागच्या वर्षी हौसेने बीजीएमआयची (मोबाईलवरचा बंदुकांचा गेम, चौघांची टीम, शेवटपर्यंत टिकेल ती जिंकते) टुर्नामेंट घेतली होती, यंदा परत घ्यायची आहे, १६ टीम, म्हणजे ६४ मोबाईल एका हॉलमधे. पॉइंट नेहमीचेच, पहिल्याला १०, मग ६-५-४-३-२-१-१ आणि प्रत्येक फिनिशला (समोरचा एक गडी मारला की) १. त्यात काही अडचण नाही. अडचण मागच्या वर्षी जे झालं त्याची आहे.

तेव्हा १२ टीम होत्या. ७ आमच्या वायफायवर, ५ जणांनी स्वतःचा डेटा चालू ठेवला, मी पण म्हटलं खेळा भो जसं जमेल तसं, तीच चूक झाली. चौथी मॅच, पाचवा झोन (मैदान टप्प्याटप्प्याने लहान होत जातं, त्यातला पाचवा टप्पा), पब्लिक खुर्च्यांवर उभं, आणि हॉल पत्र्याचा, बाहेर पारा ४४, तर कोणीतरी कूलर आपल्याकडे फिरवला. राऊटर त्याच एक्स्टेंशन बोर्डावर. वायर ताणली गेली, प्लग बाहेर. मी १० सेकंदात परत लावला पण राऊटर चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि कस्टम रूममधे (आपण स्वतः उघडलेल्या खासगी मॅचमधे) मॅच थांबवायची काही सोयच नाही. वायफायवाल्यांची माणसं मैदानात पुतळ्यासारखी उभी आणि डेटावाले येऊन एकेकाला टिपी राहिले. त्यातल्या एका टीमने चिकन घेतलं, म्हणजे मॅच जिंकली, वर १४ फिनिश, म्हणजे एका मॅचमधे २४ पॉइंट. मी मॅच धरली, कारण नियम लिहिलेलाच नव्हता. मग काय, बक्षीस आधीच ठरलेलं होतं म्हणून गावभर बोंब, एका पोराचा मोठा भाऊ दुकानात येऊन भांडून गेला. त्याचं चुकलं असंही मला वाटत नाही.

तर विचारायचं असं की किती टीम बाहेर पडल्या तर मॅच रद्द करायची? आणि ज्याने तोवर प्रामाणिकपणे ८ फिनिश काढले त्याला काय सांगायचं?

दुसरं, प्रोजेक्टरवर मॅच दाखवली की पब्लिक ओरडतं, "घराच्या मागे आहे रे भो", खेळणाऱ्यांची पाठ पडद्याकडे केली तरी कान उघडेच ना.

तिसरं फीचं. टीममागे २०० घ्यायचा विचार होता. पण २०२५ च्या ऑगस्टमधे ऑनलाईन गेमिंगचा केंद्राचा कायदा झाला, पैसे लावून खेळायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्स वेगळं धरलंय आणि त्यात नोंदणी फी, बक्षीस चालतं, पण त्याला मान्यता-नोंदणी लागते. आमच्यासारख्या गल्लीतल्याने काय करायचं? आखाजीला आठ-आठ दिवस पत्त्यांचे डाव बसतात त्याला कोणी काही म्हणत नाही, पोरांच्या हातात मोबाईल दिसला की लगेच जुगार.

प्रतिसाद:
भाऊ, पहिले डेटा बंद करा, सगळे एकाच वायफायवर. गेलं तर सगळ्यांचं जाईल, अर्धं भांडण तिथेच मिटतं. एका राऊटरवर ६४ मोबाईल ओढत नाही, तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) वायरने जोडा, ५ गिगाहर्ट्झवर चालवा, २.४ वापरावंच लागलं तर चॅनल १, ६, ११ वाटून द्या. राऊटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस बसवा. आमच्याकडे धुळ्याला नियम असा, पहिल्या झोनच्या आत ४ टीम गेल्या तर मॅच परत, त्यानंतर काहीही झालं तरी धरायची. कागदावर लिहून प्रत्येक कॅप्टनची सही आधीच घ्यायची. प्रोजेक्टर शेजारच्या खोलीत न्या, यूट्यूबवर सोडणार असाल तर पाच-सात मिनिटं उशिराने सोडा.

प्रतिसाद:
फी घेऊच नका, दुकानदारांकडून स्पॉन्सर घ्या, वकिलाला विचारा आणि पोलीस स्टेशनला एक अर्ज टाकून ठेवा. अजून एक, २०२३ ला गेम परत आला तेव्हा १८ च्या आतल्यांना दिवसाला ३ तासांची लिमिट होती. ६ मॅच म्हणजे तेवढा वेळ होतोच, सकाळी घरी प्रॅक्टिस करून आलेलं पोरगं शेवटच्या मॅचला बाहेर फेकलं जायचं.

धागाकर्ता:
लिमिटचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद भाऊ. सहीचं आजच करतो, फी कॅन्सल, १५ हजाराचं बक्षीस कव्हर-चार्जरवाले दोघं मिळून देताहेत. पण पाचव्या झोनमधे गेलं तर धरायचीच, म्हणजे मागच्या वर्षी मी केलं तेच झालं की, फक्त आता सही असेल. आणि कूलरचं कोणी बोललंच नाही, पत्र्याखाली कूलर नसेल तर ६४ मोबाईल दुसऱ्या मॅचलाच तापून हँग होतील.