सेल्टिकचे झेंडे, युएफाचा दंड: कलम १६ आहे तसंच राहावं का?

पॅराडाइज_६७

२५ ऑक्टोबर २०२३, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचं मैदान सेल्टिक पार्क, चॅम्पियन्स लीग. अ‍ॅटलेटिको माद्रिदशी २-२ बरोबरी. त्या रात्री ग्रीन ब्रिगेड या सेल्टिकच्या कट्टर समर्थक गटाच्या कोपऱ्यासह स्टेडियमभर पॅलेस्टाइनचे झेंडे होते. असे झेंडे आणू नका, असं आवाहन क्लबने आधीच केलं होतं. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, १७,५०० युरो दंड लावला. क्लबने ग्रीन ब्रिगेडच्या सदस्यांची सीझन तिकिटं निलंबित केली, आणि ७ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये ०-६ हरलो तेव्हाही ती निलंबितच होती.

माझा आक्षेप दंडाच्या रकमेवर नाही. त्या मोसमात गट फेरीत नुसतं पोचल्याबद्दल प्रत्येक क्लबला १ कोटी ५६ लाख ४० हजार युरो मिळत होते आणि बरोबरीचे ९ लाख ३० हजार. म्हणजे त्याच सामन्याने दंडाच्या ५३ पट पैसे मिळवून दिले. आक्षेप असा, की युएफाच्या शिस्तपालन नियमांच्या कलम १६ मध्ये ‘खेळाच्या कार्यक्रमाला न शोभणारा चिथावणीखोर संदेश’ असं लिहिलंय आणि काय शोभतं ते युएफा दर वेळी वेगळं ठरवते.

६ नोव्हेंबर २०२४ ला पॅरिसमध्ये तिथल्या पीएसजी क्लबच्या समर्थकांनी ‘फ्री पॅलेस्टाइन’चा अख्खा स्टँड व्यापणारा बॅनर उघडला. समोर संघ कोणता? अ‍ॅटलेटिको माद्रिदच. फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. युएफा म्हणाली, या प्रकरणात बॅनर चिथावणीखोर किंवा अपमानकारक मानता येणार नाही, कारवाई नाही. ग्लासगोत हातातला झेंडा गुन्हा आणि पॅरिसमध्ये स्टँडभर कापड चालतं, यामागचा निकष मला कोणी समजावून सांगावा.

कलम १६ मधला हा भाग काढून टाकावा. शिक्षा व्हावी ती वंशद्वेषाला, हिंसेच्या आवाहनाला आणि त्या देशाच्या कायद्याने गुन्हा असलेल्या मजकुराला.

नियमावली

निकष विचारलात, तर आधी यंत्रणा पाहू.

सामन्याला युएफाचा प्रतिनिधी हजर असतो. त्याचा अहवाल आणि टीव्हीवरची दृश्यं शिस्तपालन विभागाकडे जातात. आरोप ठेवला, की क्लबला लेखी उत्तराची संधी मिळते. निर्णय शिस्तपालन समिती देते, त्यावर अपील समिती आणि शेवटी लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय.

युएफाच्या शिस्तपालन नियमांचं कलम ८ सांगतं की समर्थकांच्या वर्तनाला क्लब जबाबदार, क्लबने आपला निष्काळजीपणा नव्हता हे सिद्ध केलं तरीही. क्लब ‘आम्ही आवाहन केलं होतं’ म्हणाला तर शिक्षा कमी होऊ शकते, जबाबदारी जात नाही. डच क्लब फेयनूर्दने हे करून पाहिलंय. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधल्या नॅन्सीला त्यांच्या समर्थकांचा दंगा झाला. क्लबचं म्हणणं होतं, ही माणसं आमच्या तिकिटांवर आलीच नव्हती. युएफाने स्पर्धेतून बाहेर काढलं आणि लवादानेही तेच कायम ठेवलं.

म्हणून सेल्टिकने केलं ते बरोबरच केलं. दंड १७,५०० असो की ५०,०००, खरा धोका पुनरावृत्तीचा आहे. जुनी प्रकरणं शिक्षा वाढवतात आणि शिक्षेची शिडी पैशांपाशी थांबत नाही. बाहेरच्या सामन्यांची तिकिटं बंद, स्टँडचा भाग बंद, मग रिकामं स्टेडियम. ग्रीन ब्रिगेडचा कोपरा ६०,००० जणांच्या वतीने हा जुगार खेळतो आणि त्या बाकीच्यांना कोणी विचारत नाही.

आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा हक्क सरकारविरुद्ध असतो. युएफा ही स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली खासगी संघटना, क्लब खासगी कंपनी. तिकीट घेताना मैदानाचे नियम मान्य केलेले असतात.

पॅराडाइज_६७

खासगी संघटना म्हणून मान्य, पण पर्याय कुठे आहे? युरोपात खेळायचं तर युएफाकडेच जावं लागतं. सुपर लीग या युएफाबाहेरच्या प्रस्तावित स्पर्धेच्या प्रकरणात २१ डिसेंबर २०२३ ला युरोपीय न्यायालयाने हेच सांगितलं: एवढी सत्ता हातात असेल तर नियम पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभाव न करणारे हवेत.

नियमावली

तो निकाल स्पर्धा कायद्याचा आहे. नव्या स्पर्धांना मंजुरी आणि त्यातल्या शिक्षा, एवढाच त्याचा विषय. झेंड्यांना तो लावणं म्हणजे फार ताणणं झालं. निकष स्पष्ट हवेत हे तत्त्व मात्र मलाही मान्य आहे. पॅरिसच्या निर्णयाचं सविस्तर कारण युएफाने लिहून द्यायला हवं होतं.

मधली_फळी

दोघांशीही थोडी असहमती.

पॅराडाइज, तुमची यादी (वंशद्वेष, हिंसा, देशाचा कायदा) कागदावर नीट दिसते. प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. २४ ऑक्टोबर २०१९ ला रोमचा क्लब लाझिओ ग्लासगोत आला. त्यांच्या काही समर्थकांनी शहराच्या रस्त्यावर हात वर करून फासिस्ट सलाम केले. सेल्टिकच्या स्टँडमधून उलट्या टांगलेल्या मुसोलिनीचा बॅनर निघाला, ‘तुमच्या नेत्यामागे जा’ अशा अर्थाचा. तो हिंसेचं आवाहन की फासिस्टविरोधी मत? मी दुसरं म्हणेन, रोममधला वकील पहिलं म्हणेल. युएफाने सेल्टिकला दंड केला. लाझिओला त्याच मोसमात फ्रान्सच्या रेन क्लबविरुद्धच्या सामन्यातल्या वर्तनासाठी स्टेडियमचा काही भाग बंद ठेवावा लागला. ती शिक्षा वंशद्वेषाच्या कलम १४ खाली होती, जिथे पहिल्याच वेळी स्टँड बंद होऊ शकतो. म्हणजे गंभीर गोष्टींसाठी वेगळं, कडक कलम आधीच आहे. कलम १६ मधली ‘न शोभणारा संदेश’ ही ओळ उरलेलं सगळं एका पोत्यात भरण्यासाठी आहे.

त्या पोत्यात काय काय गेलंय? २०१५ च्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात कॅटलान स्वातंत्र्याचे झेंडे, बार्सिलोनाला ३०,००० युरो. ऑगस्ट २०१७ मध्ये वॉर्साच्या लेगिया क्लबचा, नाझींविरुद्धच्या वॉर्सा उठावाच्या स्मृतीचा बॅनर, मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावलेला जर्मन सैनिक, ३५,००० युरो. सेल्टिकचा २०१३ मधला मिलानविरुद्धचा बॉबी सँड्स आणि जुना स्कॉटिश स्वातंत्र्ययोद्धा विल्यम वॉलेस यांचा बॅनर, ५०,००० युरो. स्वतःच्या शहराच्या कत्तलीची आठवण काढणं आणि उपोषणात मेलेल्या आयरिश कैद्याचं चित्र लावणं एकाच ओळीत बसतं, तेव्हा त्या ओळीला अर्थ राहत नाही.

पण नियमावली म्हणतात त्यातही तथ्य आहे. ओळ काढली तर निवड करणारा कोणीतरी लागेलच आणि ते काम क्लबवर पडेल. क्लब युएफापेक्षा जास्त घाबरट असतात.

शांत_बाक

सगळे तिकीट काढून ९० मिनिटं फुटबॉल बघायला येतात. शेजारच्याचा विषय मला पटो न पटो, मी उठून दुसरीकडे बसू शकत नाही, सीट नंबर ठरलेला असतो. रस्त्यावर मोर्चा निघाला तर मी गल्ली बदलतो. स्टेडियममध्ये ती सोय नाही. हा साधा मुद्दा चर्चेत येतच नाही.

शिवाय मुंबई-पुण्यात बसून ग्लासगोच्या स्टँडचा वाद आपण का घालतोय?

पॅराडाइज_६७

शांत बाक, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये सेल्टिककडून दोन सामने अनवाणी खेळला. आपला धागा जुना आहे.

पहिल्याचं: फुटबॉल बघायला जावं आणि राजकारण घरी ठेवावं, हे युएफाने स्वतः पाळलं असतं तर मी गप्प बसलो असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युएफाने सेंट पीटर्सबर्गचा अंतिम सामना पॅरिसला हलवला, रशियन क्लब बाहेर काढले, आणि मैदानामैदानांवर युक्रेनचे झेंडे आणि शांततेचे संदेश झळकले. ते बरोबरच होतं. पण मग युद्धाबद्दल बोलणं खेळाला शोभतं, हे युएफानेच मान्य केलं. पॅलेस्टाइन १९९८ पासून फिफाचा सदस्य आहे, त्याचा राष्ट्रीय संघ आहे. त्या संघाचा झेंडा ‘चिथावणी’ कसा?

नियमावली

झेंडा स्वतः चिथावणी नाही. संदर्भ चिथावणी ठरवतो. १७ ऑगस्ट २०१६ ला समोर हापोएल बेर शेवा होता, इस्रायली क्लब. तिथे झेंडा समोरच्या खेळाडूंना उद्देशून आहे असं वाचलं गेलं, दंड १०,००० युरो. ते वाचन मला चुकीचं वाटत नाही. अ‍ॅटलेटिकोच्या सामन्यात मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करायला हवं. माद्रिदच्या कोणाला तो झेंडा चिथावतो?

मधली_फळी

२०१६ ची पुढची गोष्ट राहिलीच. ग्रीन ब्रिगेडने दंडाच्या बरोबरीने मदत गोळा करू म्हणून १५,००० पौंडांचं लक्ष्य ठेवलं. १,७०,००० पौंडांच्या वर जमले. पैसे दोन ठिकाणी गेले: पॅलेस्टिनींसाठीची एक वैद्यकीय मदत संस्था आणि बेथलेहेमच्या आयदा निर्वासित छावणीतलं लाजी केंद्र. तिथे आयदा सेल्टिक नावाचा मुलांचा संघ उभा राहिला. १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिडने सेंट मेरीज चर्चच्या हॉलमध्ये हा क्लब काढला तो पूर्व ग्लासगोतल्या गरीब आयरिश मुलांच्या जेवणासाठी. क्लबला त्या इतिहासाचा अभिमान असेल, तर हे त्यांच्याच परंपरेतलं काम आहे.

कापड_आणि_काठी

तत्त्वं तुमच्याकडे ठेवा, मी व्यवहाराचं सांगतो. दंडाच्या निम्म्या भानगडी संदेशामुळे होत नाहीत, पद्धतीमुळे होतात.

युएफाच्या परवाना नियमांनुसार २०१२-१३ पासून प्रत्येक क्लबला समर्थक संपर्क अधिकारी ठेवावाच लागतो. बॅनरचा मजकूर, लांबी-रुंदी, कापड आणि तो कुठे उघडणार हे त्याला काही दिवस आधी लेखी द्यावं. गेटवर अडतं ते बहुतेक मजकुरावर अडत नाही. अग्निरोधक असल्याचा दाखला नसतो, किंवा काठी लाकडी-धातूची असते. पोकळ प्लास्टिकची, बोटाएवढी जाड नळी वापरावी.

डोक्यावरून पसरायचं कापड खेळाडू बाहेर येण्याच्या सुमारास उघडून लगेच गुंडाळायचं. जास्त वेळ ठेवलं की त्याखाली कोणीतरी फ्लेअर (धूर-ज्वाळेची नळी) पेटवतो, कारण कॅमेऱ्याला तोंड दिसत नाही. तिथून गोष्ट अभिव्यक्तीची राहत नाही. वर कापड, खाली आग आणि मधे उभी माणसं, धूर बाहेर जायला वाट नाही. जिने आणि बाहेर जायचे मार्ग तर मोकळे हवेतच. मार्ग अडवण्याबद्दल युएफा वेगळा दंड करते, आणि तो टाळायला फक्त दोन माणसं जिन्याच्या तोंडाशी उभी करावी लागतात.

सेल्टिकच्या २०२३ च्या निलंबनामागे क्लबने दिलेल्या कारणांत फ्लेअर आणि कर्मचाऱ्यांशी वागणूकही होती. ग्रीन ब्रिगेडने क्लबला हे आयतं हातात दिलं. नुसते झेंडे असते तर एवढ्या लोकांची तिकिटं रोखताना क्लबला कारण शोधावं लागलं असतं.

उलट बाजूनेही सांगतो. हातातला छोटा झेंडा थांबवायला निघालेला क्लब गेटवर हजारो खिसे तपासणार का? रांग लांबते, सामना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटांत सगळे ढकलायला लागतात. उभं राहायच्या विभागात कर्मचारी घुसवला तर धक्काबुक्की होते. झेंडा तसाच राहू देण्यापेक्षा तो काढून घेणं जास्त धोक्याचं असतं. सुरक्षा अधिकाऱ्याला हे कळतं, शिस्तपालन समितीला कळत नाही.

नियमावली

कापड-काठी यांचं जवळजवळ सगळं मान्य. पण स्कॉटलंडनेच एक धडा दिलाय तो दोन्ही बाजूंनी वाचावा. फुटबॉलमधल्या आक्षेपार्ह वर्तनाचा २०१२ चा कायदा. साधारण माणसाला आक्षेपार्ह वाटेल असं वर्तन, त्याने अशांततेची शक्यता, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. चिथावले जाऊ शकणारे लोक तिथे हजर नसले तरी गुन्हा. १५ मार्च २०१८ ला स्कॉटिश संसदेने तो ६२ विरुद्ध ६० मतांनी रद्द केला. ढिसाळ शब्दांचा कायदा टिकत नाही, हे तुमच्या बाजूचं.

माझ्या बाजूचं असं, की तो कायदा रद्द झाला तो निवडून आलेल्या सभेत, वर्षानुवर्षांच्या समर्थक-मोहिमेनंतर. नियम बदलायचा मार्ग तो. युएफाचे नियम कार्यकारी समिती करते. क्लबांची संघटना आणि स्कॉटिश फुटबॉल संघटना तिथपर्यंत पोचू शकतात. दर बुधवारी नियम मोडून क्लबला बिल पाठवणं हा मार्ग नव्हे.

पॅराडाइज_६७

त्या कायद्याविरुद्धची मोहीम स्टँडमधूनच उभी राहिली होती, बॅनर धरूनच. बॅनरवर बंदी घालून ‘आधी नियम बदलून आणा’ म्हणायचं, तर मागणी दिसणार कुठे?

तरी एक तडजोड मांडतो. ओळ पूर्ण काढू नका. समोरच्या संघाला, खेळाडूंना किंवा त्यांच्या समर्थकांना उद्देशून असेल तरच चिथावणी, अशी व्याख्या करा. प्रत्येक निर्णयाचं कारण छापा. आणि क्लबने आधी लेखी परवानगी घेतलेल्या, जिने-आग-कापडाचे नियम पाळलेल्या बॅनरला कलम ८ ची जबाबदारी लावू नका.

नियमावली

पहिली दोन मान्य. तिसरं नाही. जबाबदारी काढली, की क्लब परवानगी देताना वाचणारच नाही. लाझिओच्या क्लबनेही तशीच परवानगी द्यायला सुरुवात केली तर तुम्ही काय म्हणाल?

कापड_आणि_काठी

मग तिसऱ्यात जबाबदारी काढू नका, वाटून द्या. परवानगी दिलेल्या मजकुराची क्लबवर, न दाखवता आणलेल्याची आणणाऱ्या गटाच्या पुढच्या बाहेरच्या सामन्याच्या तिकिटांवर. हे युएफाच्या होकाराशिवाय क्लब आणि ग्रीन ब्रिगेड या मोसमापासूनच लेखी करू शकतात.