मदत हवी आहे: टीएमधल्या भावाची दारू सोडवायची आहे

धाकटा भाऊ टेरिटोरियल आर्मीत (टीए, लष्कराचं अर्धवेळ दल) आहे. सध्या बोलावणं नाही, त्यामुळे देवगडजवळ घरीच असतो, पगारही बंद. गोव्याची दारू इथे सहज मिळते. हल्ली सकाळी चहाचा कप धरतानाही हात थरथरतात, घोटभर घेतली की थांबतात. म्हणून एकदम बंद करायला लावलेली नाही, त्यात फिट येऊ शकते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाले. तो तयार आहे, पण रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा कागद युनिटपर्यंत गेला तर नोकरी जाईल, या भीतीने अडलाय. पेन्शन नाही, म्हणून ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डही नाही. खाजगी केंद्र परवडणार नाही. टीएमधल्या कुणी असे उपचार घेतलेत का? युनिटला आधी कळवावं की नंतर, आणि पुढच्या मेडिकलमध्ये त्याचं काय होतं?